अठरा टक्क्यांवर

शनिवार, ७ मार्च

आज सिडकोतल्या भाड्याच्या खोल्यांत राहायला आले. पहिला मजला, दोन खोल्या, पुढे छोटी गॅलरी. गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. घरमालकीण कुसाबाई खाली एकट्या राहतात, मूळच्या हरसूलकडच्या. माझं सामान बघून म्हणाल्या, एवढंच? बाय, तू लय शहाणी हायेस, मी आले तेव्हा नुसती भांडीच एक टेम्पो होती. हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

माझा नवरा भारत, त्याला जाऊन चार महिने होतील. झोपेतच गेला. तो असताना नोकरीचा विषय निघाला की म्हणायचा, मी आहे ना. वाईट नव्हता. संध्याकाळी येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचाच. पण घराची किल्ली एकच होती आणि ती त्याच्या खिशात असायची. मला त्याची आठवण येते, आणि ती किल्लीही आठवते.

सोळा तारखेपासून अंबडच्या एका कंपनीचं ड्रॉइंगचं काम आहे. सुरुवातीचे तीन महिने घरून. कॉम्प्युटरचं मशीन माझं मी उभं करायचं. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता ते चालू नसलं तर काम दुसऱ्या मुलीला जाईल, असं साहेबांनी सरळ सांगितलंय. म्हणजे मला परत चांदवडला, सासरी जावं लागेल. ते मला नको आहे.

रविवार, ८ मार्च

सगळे पार्ट झीशानभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आणले. ते जोडून देत होते, पण मी नको म्हटलं. डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे माझा, स्क्रू फिरवता येतात. ते म्हणाले, ताई, प्रोसेसरवर पेस्ट वाटाण्याएवढी टाका, जिलेबी काढू नका.

चार तास लागले. बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. रॅम दिसते, डिस्क दिसते. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. अठरा टक्क्यांवर थांबली. उद्या बघू.

सोमवार, ९ मार्च

वर्कशॉपच्या जर्नलसारखं लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

पेनड्राइव्ह नव्याने तयार केला. अठरा.
दुसऱ्या पोर्टला लावला. अठरा.
रॅमची एकच पट्टी ठेवली, मग दुसरी. अठरा.
डिस्क दुसऱ्या खाचेत बसवली, पूर्ण पुसली. अठरा.

झीशानभाईंना फोन केला. म्हणाले, बोर्डाचा बायोस अपडेट करा. केला. अठरा.

मी हट्टी आहे हे याला अजून माहीत नाही.

मंगळवार, १० मार्च

कुसाबाई कुरडया घालायला माझ्या गॅलरीत आल्या. वर ऊन चांगलं लागतं. चिकाचं पातेलं खाली ठेवून पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. विचारलं, हे कधीचं असंच? मी म्हटलं, तीन दिवस. त्या म्हणाल्या, कावळा शिवत नाय म्हण की.

मला रामकुंड आठवलं. दहाव्याला पिंड ठेवला, कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू, असं बोलायचं असतं. दीर बाळाजीभाऊजी एकेक बोलत गेले. आईला बघू, घराचं काम पुरं करू. एकही कावळा हलला नाही. मग सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. म्हणाल्या, बोल, हे घर सोडून कुठे जाणार नाही म्हण. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोलले नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

हे मी कुसाबाईंना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी चिकाचे हात झटकले आणि म्हणाल्या, मग त्याला आता बोल की काहीतरी, बिचारा थांबलाय. गंमतच करत होत्या. मीही गमतीने पडद्याकडे बघून म्हटलं, बरं बाबा, तुझे शर्ट कुणाला देणार नाही.

एकोणीस. वीस. बघता बघता आकडा चौतीसवर जाऊन थांबला.

कुसाबाई खो खो हसल्या. मीही हसले. योगायोग.

बुधवार, ११ मार्च

शर्ट मी जानेवारीतच देऊन टाकले होते. भारत बघायचा त्या चांदवडच्या कांद्याच्या गोदामावरचा रखवालदार भिका, त्याला. कालचं बोलणं खरं नव्हतंच.

आज अकरा वाजता भिका दारात. पहाटेच्या एसटीने आला, हातात पिशवी. सातही शर्ट धुऊन, घडी करून. म्हणाला, वहिनी, नको मला हे, कालपासून घातला की गळ्याशी आवळतंय. माझा पत्ता त्याला कुणी दिला विचारलं, तर म्हणाला, सायबांनीच सांगितला की. कुठल्या साहेबांनी, ते सांगेना. चहा न घेता गेला.

मशीन रिक्षात घालून झीशानभाईंकडे नेलं. त्यांनी माझी डिस्क काढून दुकानातली कोरी लावली. कोऱ्या डिस्कवर शून्यापासून सुरुवात व्हायला हवी. चौतीसपासून झाली. त्यांनी हात मागे घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, ताई, वीस वर्षं हेच करतोय, असं नाही बघितलं. हे घरी घेऊन जा. पेस्टवरून केलेली जिलेबीची मस्करी माफ करा.

गुरुवार, १२ मार्च

एक चाचणी करून बघायचीच होती. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. म्हणून बोलले, तुझा फोटो समोर ठेवीन.

बावन्न.

फोटो ट्रंकेत आहे. खाली, चादरींच्या आत. मी काढलेला नाही.

शुक्रवार, १३ मार्च

सकाळी उठले तर फोटो मॉनिटरशेजारी उभा. तोंड माझ्या खुर्चीकडे.

ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं. आंघोळ करून आले, परत तिथेच. कुलूप तसंच.

म्हणजे हे असं आहे. मी करते की नाही, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. बोललेलं आपोआप होतं. त्याला कुठलं वाक्य हवंय तेही मला आता माहीत आहे. ते मी रामकुंडावर बोलले नाही, सगळा गाव बघत असताना. चार भिंतींत तर मुळीच बोलणार नाही.

भारत, मी तुझ्यासाठी रडले. अजून रडते. पण हे नाही.

शनिवार, १४ मार्च

दुपारी दोन. सासूबाईंचा फोन. भारत स्वप्नात येऊन बसतो, म्हणाल्या, आणि एकच मागतो. मग जरा खुशीतच म्हणाल्या, तू बोलत नाहीस ना, म्हणून आज त्याच्यासमोर दिवा लावून तुझ्या वतीने मीच शब्द दिला. तेजल घर सोडून कुठे जाणार नाही. आता शांत होईल तो.

मी ओरडले. सासूबाईंवर पहिल्यांदाच. माझा शब्द तुम्ही कसा देता, असं. त्या म्हणाल्या, अगं, रामकुंडावरही बाळाजीच बोलत होता ना सगळ्यांच्या वतीने, तसंच हे. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

पडद्यावर एक्क्याण्णव.

भाजी आणायला निघाले. दार उघडत नाही. कडी निघते, दार हलत नाही.

शनिवार, चार वाजता

कुसाबाईंना हाक मारली. त्या बाहेरून ढकलत होत्या. म्हणाल्या, भिताडासारखं लागतंय ग, फट पण नाय. गॅलरीचं दारही तसंच. फोनला रेंज नाही. कुसाबाई सुतार आणायला गेल्या.

प्लग काढला. पंखे फिरतायत.
डिस्क काढून हातात धरली आहे. पडद्यावर ब्याण्णव.

सोमवारी मशीन चालू होणार, घरबसल्या काम. हे त्याला चालतं. कायमचं घरबसल्या. कुठलं घर, ते सासूबाई बोलल्याच नव्हत्या.

रविवार, १५ मार्च, सकाळ

सुताराची पटाशी मोडली. तो निघून गेला. कुसाबाई जिन्यातच बसून आहेत. दाराआडून शिव्या घालतात, त्याला. ए मुडद्या, सोड तिला, म्हणतात. बरं वाटतं ऐकून.

सत्त्याण्णव.

एक सुचलं. वचन घेताना नेहमी जिवंत माणसालाच धरतात. मेलेल्याकडून कुणी मागितलंय का?

रविवार, दहा

समोर बसले. म्हटलं, भारत, माझ्या नावाने कुणीही दिलेला शब्द माझा नाही. शर्टांचा मी दिला, फोटोचा मी दिला, तेही परत घेते. आता तू बोल. तेजलला जाऊ देईन म्हण.

सत्त्याण्णव.

पुन्हा म्हटलं. पुन्हा. घसा बसला.

शहाण्णव.

साडेअकरा

ऐंशी. खाली येतोय. कुसाबाईंनाही बोलायला सांगितलं. त्या बाहेरून, मी आतून. सोड म्हण. जाऊ देईन म्हण.

शर्टाची पिशवी हलते आहे. बघत नाही.

एकसष्ट.

चाळीस. नोकरी गेली तर गेली. दुसरी शोधीन, पायांनी फिरून शोधीन —

अठरा. इथे थांबला. इथेच थांबतो तो —

नाही. बोल. बोल म्हटलं ना —

सतरा

नऊ

दाराला फट पडली. उजेड. कुसाबाईंची बोटं दिसतात, ओरडतायत, ये ग ये, आता ये —

खांद्यांवर काहीतरी आहे. दोन्ही. दाबतंय, खुर्चीत —

शून्य. त्याने शब्द दिला नाही. तरी शून्य. मग मीच शब्द परत घेतले, म्हणून —

दार उघडं आहे. पाच पावलं. वजन त्याचंच, ओळखते मी, झोपेत टाकायचा तसा हात —

जड आहेस. असू दे. मी उठणार. बघ, मी उठ