जांभूळडोहच्या नळाचा गाळलेला नमुना

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा अकोला, मुक्काम अकोला.

अर्जदार : प्रयागबाई, उमर अजमासे पंचावन्न, धंदा शेती, राहणार कसबे जांभूळडोह, तालुका वाशीम.

विषय : नळाचे पाणी शुद्ध ठरवणारा दाखला रद्द होऊन नमुना पुन्हा घेतला जाण्याविषयी.
संदर्भ : गावच्या पाणीकमिटीचे उत्तर, तारीख ३ जून १९३६.

महोदय,

१) कमिटीने तलावाचे पाणी नळाने घरोघर आणले, हा उपकार अर्जदार बाई नाकारीत नाही. परंतु त्याच तलावाच्या पायऱ्यांवर नारू झालेली, म्हणजे पायातून दोऱ्यासारखा जंत निघणारी माणसे पाय बुडवून बसतात आणि ते पाणी जसेच्या तसे तोटीतून येते. गाळण्याच्या फडक्यावर पांढरे ठिपके हलताना पाहून बाईने गेल्या वर्षी मे महिन्यात तक्रार केली.

२) त्यावर इन्स्पेक्टर साहेब दौऱ्यावर आले, बाईच्या हाती सरकारी बाटली दिली व ती तोटीवर भरून आणण्यास फर्मावले. बाईने ती भरली, पण लुगड्याच्या दुपदरी फडक्यातून गाळून भरली. यात लबाडी काडीची नव्हती. लग्न होऊन आल्यापासून चाळीस वर्षांत तिने परक्या माणसाला अगाळ पाणी दिलेले नाही. असे का केले म्हणून सदर अर्ज लिहिणाराने विचारले, तेव्हा ती उलट म्हणाली, "साहेब म्हंजे पाव्हनाच ना, भाऊ! पाव्हन्याले कोनी अगाळ पानी देते का?"

३) नमुना पास झाला आणि दाखला चावडीवर लागला. बाईची तक्रार खोटी ठरून गावात हसे झाले. तेवढ्यावर भागते तर ती गप्प बसती. पण दाखला पाहून गल्लीतल्या बायांनी फडकी सोडली. सून रुख्मिणी म्हणाली, "सरकारनं पास केलं, आता कायले गाळून राह्यल्या, आत्याबाई?" बाईलाही वाटले, आपलेच डोळे अधू झाले असतील. तिनेही फडके खुंटीला टांगले. हे सांगताना ती रडली, असे नमूद करणे भाग आहे.

४) नारू पाण्यातून पोटात गेला की वर्षाने अंगातून बाहेर पडतो. यंदा मे महिन्यात गल्लीत अकरा जणांना निघाला. रुख्मिणीच्या घोट्यातून दोन निघाले. बाई ते रोज बोटभर काडीवर गुंडाळते. ओढताना तुटला तर पाय सडतो. पेरणी तोंडावर आहे आणि सून खाटेवर पडून आहे.

५) बाई पुन्हा कमिटीकडे गेली. उत्तर मिळाले की, पाण्याला शुद्धतेचा दाखला असल्याने नारू या पाण्याचा असूच शकत नाही. दाखला रद्द होईल का? होईल, पण नमुना खरा नव्हता असे नमुना देणाराने स्वतः लिहून दिले तरच. आणि लिहून दिले तर सरकारी नमुन्यात फेरफार केला म्हणून तिच्यावर खटला. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि पाणी दोन्हीकडे नारूचे. बाई आठ दिवस जेवली नाही धड.

६) सबब बाई या अर्जाने लिहून देते की, नमुना तिने गाळला होता. खटला खुशाल भरावा. मात्र आधी तोटीचे पाणी आहे तसे तपासावे. तलावावर रेती व कोळशाची गाळणी बसेपर्यंत चावडीवरचा दाखला काढून तेथे "पाणी दुपदरी फडक्याने गाळून प्यावे" असा कागद लावावा. बाईच्या शब्दावर गाव विश्वास ठेवीत नाही, चावडीवरच्या कागदावर ठेवतो.

गुन्हा कबूल करून न्याय मागणारी,
प्रयागबाई
सहीऐवजी निशाणी बांगडी

हस्ते : गोविंदसिंग, अर्जनवीस
तारीख १२ जून १९३६

सोबत :
१) बाटली एक, तोटीचे न गाळलेले पाणी. ही भरण्यास बाईचा हात पुढे होईना, म्हणून अर्जनविसाने भरली.
२) लुगड्याचे फडके एक, दुपदरी, धुतलेले. कचेरीत कोणी तहानेला ही बाटली तोंडाला लावू पाहील, तर त्याने आधी यातून गाळून घ्यावे, अशी बाईची हात जोडून विनंती आहे.