भोंगा वाजल्यावरचे दोन सेकंद

३ मार्च, मंगळवार

लाज गेली! साडेचार हजार तास विमान उडवलेली बाई आज हेलिकॉप्टर दहा सेकंद एका जागी उभं ठेवू शकली नाही. जमिनीपासून पाच फुटांवर थांबायचं – बस, एवढंच. मी सगळं मैदान झाडून काढलं. शेजारी मास्तर. आयुष्यभर हेच शिकवत आलेले. म्हणाले, "मॅडम, नुसती बोटं ठेवा. गळा नाही दाबायचाय कुणाचा."

पण हे जमायलाच हवं. ३० तारखेपासून आमच्या कंपनीचं हेलिकॉप्टर रुग्णालयासाठी उडणार. वैमानिकाची जागा एकच. त्याआधी हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना हातात हवा. जागा मिळाली तर रोज संध्याकाळी घरी! सध्या आठवड्यातल्या चार रात्री परगावी. लेक आठ वर्षांची. परवा मी दार उघडून आत आले तर तिने विचारलं, "आज किती दिवस आहेस?" पाहुण्याला विचारतात तसं.

५ मार्च, गुरुवार

सासूबाईंची उलटतपासणी. "इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली येतं म्हणतेस. मग तुझ्या या पंख्याचं काय?" म्हटलं, तोही येतो अलगद, पाती फिरत राहिली तर. "आणि नाही राहिली तर?"

मी भाजी जरा जास्तच बारीक चिरली.

९ मार्च, सोमवार

नीट लिहून काढते.

आठशे फुटांवर होतो. मास्तरांनी न सांगता इंजिनाची ताकद काढून घेतली. भोंगा वाजला. आणि मी काठी पुढे ढकलली!

विमानातही भोंगा असतो. वेग फार कमी झाला की वाजतो. तेव्हा नाक खाली दाबायचं – विचार न करता. पंधरा वर्षं तेच केलंय. इथे भोंगा म्हणजे पाती मंदावतायत. डावीकडचा दांडा खाली, उजव्या हातातली काठी जराशी मागे. दोन सेकंदांत. पुढे ढकललं की पाती आणखी मंदावतात आणि संपलं.

मास्तरांनी माझ्या हातावरून काठी मागे ओढली. खाली उतरलो. मग एवढंच – "तुमच्यासारखे चांगले वैमानिकच असे मरतात."

घरी काही बोलले नाही.

१२ मार्च, गुरुवार

मास्तर म्हणाले, "परीक्षेपर्यंत विमानाला हात लावू नका. रजा घ्या." म्हटलं, कंपनीत माणसं कमी आहेत, आठवड्याला दोन फेऱ्या तरी कराव्याच लागतील. "मग डोक्यात दोन बायका ठेवा आणि त्यांची भेट होऊ देऊ नका." हसले मी. म्हातारा उगाच घाबरवतो. खरं तर मला स्वतःचा रागच आला होता. एवढ्या वर्षांची वैमानिक, आणि रजा कसली मागायची!

१६ मार्च, सोमवार

पुन्हा पुढे. पुन्हा!

१७ मार्च, मंगळवार

नवऱ्याला शेवटी सांगितलं. चेहरा उतरला त्याचा, पण मग म्हणाला, "हाताला शिकवायचंय ना? शिकवू."

आता स्वयंपाकघरातली खुर्ची म्हणजे हेलिकॉप्टर. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात मोठा डाव. तो केव्हाही तोंडाने भोंगा वाजवतो. लेक त्याहून वाईट – मी न्हाणीघरात असताना दाराबाहेरून! सासूबाई म्हणाल्या, "या घरात आता फक्त मीच शहाणी उरले."

सायंकाळपर्यंत शंभर वेळा. छत्री खाली, डाव मागे. छत्री खाली, डाव मागे.

२१ मार्च, शनिवार

आला! भोंगा वाजला आणि हात आपणहून मागे आला. मला विचारलंसुद्धा नाही. एकदा नव्हे, सहा वेळा. मास्तरांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून दिली. त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच.

२५ मार्च, बुधवार

परीक्षक बाई जाड भिंगांच्या, ओठ मिटलेल्या. तोंडी परीक्षा दीड तास. हवेत त्यांनी दोनदा इंजिनाची ताकद काढून घेतली. दोन्ही वेळा पाती भरभर फिरत राहिली आणि आम्ही अलगद खाली. त्या म्हणाल्या, "पूर्वी विमानावर होता? वाटत नाही."

उत्तीर्ण! सोमवारपासून रुग्णालयाच्या हेलिकॉप्टरवर नेमणूक. पत्र आलं. लेकीने वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे रोज?" मला रडूच फुटलं. विमानाची आता एकच फेरी उरली, शनिवारची.

२८ मार्च, शनिवार

नऊ प्रवासी. उतरताना वारा एकदम पडला, वेग घसरला, भोंगा वाजला. मी मागे खेचलं.

नाक वर चढलं. सहवैमानिकाने दोन्ही हातांनी पुढे ढकललं म्हणून धावपट्टी मिळाली. प्रवाशांना कळलंही नाही. एका आजोबांनी उतरताना माझे आभार मानले.

सहवैमानिक म्हणाला, "मॅडम, मी कुणाला बोलणार नाही. सोमवारी तुम्ही तिकडे जाल, संपलं."

सोमवारी मागच्या स्ट्रेचरवर कुणीतरी असेल. माझा हात नक्की कोणाचा आहे, मला आज माहीत नाही.

कंपनीसाठी घडल्या प्रकाराचा अहवाल मीच लिहिला. दिला. आता लेकीला सांगायचंय – रोज नाही, इतक्यात तरी.