बाबांच्या साच्याचं तिकीट

४ नोव्हें., मंगळ.
नाही, तू मला नको शिकवूस. माझी वही उघडलीस ना, मग गप वाच. 'तिकीट काढायचं आणि जायचं, त्यात काय एवढं?' म्हणशील. तुझ्या बाबांचे डोळे चाललेत का? माझ्या बाबांचे चाललेत. मुलुंडच्या डॉक्टरीणबाई आज सरळ बोलल्या. डावा गेला. उजव्यातून नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तोही राहील असं नाही. "काय दाखवायचं असेल ते दाखवून घ्या."
रिक्षात विचारलं, बाबा, काय बघायचंय? एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मग, "माझो साचो."
साचा म्हणजे गिरणीतला माग. बावीस वर्षं बाबांनी तो चालवला. गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले, एवढंच घरात माहीत. आता त्यांच्या खात्यातले सावंतकाका सांगतात, चार साचे शहरात एका म्युझियममध्ये उभे केलेत. महिनाअखेरपर्यंतच.

५, बुध.
लिहायला घेतलेली कादंबरी बाजूला. म्युझियमच्या वेबसाइटवरून तक्ता केला. तीन म्युझियम. सुटी तिकिटं १५०, १००, १००. तिन्हींचा एक दिवसाचा पास २५०. सीनियरला निम्मं. मंगळवारी सगळ्यांना सवलत, सोमवारी बंद. म्हणजे पास घेतला तर... पण मग एका दिवसात तीन जिने... माणसाला एक साचा बघायचाय आणि मी त्याला नाणी, ढाली-तलवारी दाखवायला निघालेय.
आई : "अगो, साचो बघूक जातंस की लग्नाक?"
तक्त्यातली शेवटची ओळ : दृष्टिहीन आणि सोबतचा एक, फुकट.
जेवताना वाचून दाखवली. बाबांनी ताट सरकवलं.
"मी आंधळो नाय."
"फुकट आहे म्हणून म्हटलं."
"आणि पैशे तरी कित्याक देव? माझोच साचो बघूक?"
ठरलं, पुढचा मंगळवार. ऐंशी रुपये वाचतात.

८, शनि.
तक्त्याला रंग दिले. पास पिवळा, सवलत हिरवी. झकास दिसतोय. एक ओळ लिहिली नाही दिवसभरात.

११, मंगळ.
वाट लागली. बाबा सहापासून तयार. दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. निघताना वेळ बघायला वेबसाइटचं पान उघडलं, तर खाली बारीक अक्षरात : साच्यांचं दालन पासात नाही, सवलतीत नाही, वेगळं तिकीट, फक्त शनि-रवि. हे पान मी किमान दहा वेळा बघितलंय.
बाबा पलंगावर बसून एकेक बटण काढत होते. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४, शुक्र.
सकाळी बाबांनी कप टेबलावर ठेवला. टेबलाच्या बाहेर ठेवला. फुटला.
आई पटकन, "हात ओलो होतो त्यांचो."
हात कोरडा होता. तिघांनाही माहीत.
गेल्या शनिवारी ते दालन उघडं होतं. त्या शनिवारी बाबा कप नीट ठेवत होते. मी हिरवं स्केचपेन शोधत होते. ऐंशी रुपये. च्यायला, ऐंशी.

१५, शनि.
गेलो. पूर्ण तिकिटं, टॅक्सी, तक्ता घरी.
चार साचे. सगळे एकाच हिरव्या रंगात रंगवलेले, नंबर खरवडून टाकलेले. पुढे जाड दोरी. बाबा मान कलती करून उभे, जणू आता सुरू होतील.
"यातला तुमचा कुठला?"
"खालच्या दांड्याक खाच आसा. ब्लेडान केललंय. ती दिसणा नाय, बोटाक लागता."
आणि दोरीखालून हात घातला.
गार्ड : "अंकल, हात नहीं लगाने का. सिर्फ देखने का है."
"देखने का," बाबा म्हणाले आणि हसले. तसलं हसणं परत ऐकायचं नाहीये मला.
परत येताना, घाटकोपरच्या आसपास : "चारांतलो खयचो तरी एक आसतलो."

१६, रवि.
पान परत उघडलं. फुकटवाल्या ओळीखाली अजून एक ओळ आहे. मी फक्त आकडे उतरवून घेतले होते, ही सोडली. 'दृष्टिहीन पाहुण्यांना दालनातल्या वस्तू हाताने पाहता येतील.' डॉक्टरांचं पत्र, आणि एक फॉर्म. 'मी दृष्टिहीन आहे', खाली स्वतःची सही.
झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणली. दोन शनि-रवि उरलेत.
बाबा खिडकीशी उन्हात बसलेले. पूर्ण फॉर्म वाचून दाखवला. ते वाक्यसुद्धा, मोठ्याने, न अडखळता. खिशातलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं. बोट धरून सहीच्या जागी टेकवलं. ओट्याशी आईचं लाटणं थांबलं. बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला, आणि ओठ हलले.
मी म्हटलं, दूध आणते. पळाले.
डेअरीच्या पायरीवर बसून लिहितेय. पिशवी मांडीवर, पाण्याने वही ओली होतेय. अर्धा तास झाला. आता तू तोंड उघडणार, माहितीये मला. नको. मी वर चालले, बाबा काय म्हणत होते ते ऐकायला.