यशोवर्धनला जिवंत करण्याबाबत

चामराजपेट, बेंगळूरु
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप अश्लेषाताईस कावेरीचा नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, कंबर परवापासून धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे, भावजींचा खोकला गेला का, बेळगावात अजून थंडी आहे का, हे सगळं विचारलं असं समज आणि उत्तरं रविवारी येशील तेव्हा सावकाश दे. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या धाकट्या बहिणीच्या घशाखाली मात्र चार दिवस घास उतरत नाही, आणि त्याला थोडीशी तूही जबाबदार आहेस, कारण पुस्तकं तू पाठवतेस.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. आमच्या घरात एका खोलीत शिंकलं तर तीन खोल्यांतून 'काय झालं' येतं. व्हॉट्सॲप म्हणावं तर ते आमच्या ह्यांच्या लॅपटॉपवरही उघडतं. म्हणून हाताने, मराठीत, कागदावर लिहिते आहे. या घरात याहून सुरक्षित काही नाही. ही माणसं पाच-सहा पिढ्यांपासून इथलीच. घरात मराठी बोलतात (मध्ये मध्ये 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'ठीक'ला 'सरी' पेरून), पण शाळा सगळ्यांची कन्नडमधून. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या होत्या की आमच्यात मराठी अक्षर कुणाला लागत नाही, तू आलीस ते बरं झालं. सासूबाई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. त्या दर गुरुवारी पोथी उघडून बसतात खऱ्या, पण चाळीस वर्षांत ती पाठच झाली असणार. पानं आपली सवयीने उलटतात. (ह्यांना आणि पवित्राला शाळेतलं हिंदी आहे, पण त्यांना माझं अक्षर लागत नाही. तुलाही जेमतेमच लागतं.) तेव्हापासून मामंजी चिकपेटेतल्या दुकानावर गेले की दुपारी तीन ते साडेचार मी तुझ्या कादंबऱ्या मोठ्याने वाचते, आणि सासूबाई, अंबूबाई आणि नणंद पवित्रा ऐकतात.

आता खरं सांगते, रागावू नकोस. तू पाठवतेस त्या प्रेमाच्या कादंबऱ्या मला सहन होत नाहीत. मी रहस्यकथांवर वाढलेली बाई. रहस्यकथेत पाचव्या पानावर एक माणूस मरतो आणि उरलेले सगळे कामाला लागतात. प्रेमकथेत कुणी मरतही नाही आणि कुणी कामही करत नाही. नायक घाऱ्या डोळ्यांचा. (आपल्या अख्ख्या गोतावळ्यात घाऱ्या डोळ्यांचं एकच होतं, ते गोजराबाईंचं मांजर.) त्याचा चहाचा मळा असतो, जीप असते, आणि पहिल्या बायकोला 'दुर्दैवी अपघात' झालेला असतो, ज्याची चौकशी करावी असं अडीचशे पानांत एकाही हवालदाराला वाटत नाही. नायिका एम. ए. असते आणि सपाट जमिनीवर अडखळते. तिला सासू नाही, नणंद नाही, तिचा गॅस संपत नाही. कादंबरी ऐतिहासिक असली तर नायक हेच सगळं घोड्यावरून करतो, एवढाच फरक. भयकथा मी त्यातल्या त्यात चालवून घेते, पण पहिल्याच दिवशी झोपाळा आपोआप हलल्यावर ती माणसं बॅगा उचलून बसस्टँड का गाठत नाहीत, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तेव्हा मी सुधारणा करायला लागले. आधी नुसती वर्णनं गाळायची, मग नायकाच्या तोंडी चार बरी वाक्यं घालायची. पण या वेळच्या पुस्तकातल्या यशोवर्धनने चाळीस पानांत नायिकेचं मनगट सहा वेळा 'घट्ट धरलं', आणि एकेचाळिसाव्या पानावर माझा तोल गेला. मी वाचून टाकलं की पहिल्या बायकोला अपघात झालाच नव्हता. हा कमी बोलणारा, अर्धंच हसणारा माणूस तिला रोज स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचा आणि त्यात विष असायचं. अंबूबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. ताई, बायकांना असं गप्प बसवण्यात काय सुख असतं ते तुला नाही कळायचं. मग मी सुटलेच. घरात एक आत्याबाई घातली, जी डब्यातली कोडबळी (म्हणजे इकडची कडबोळी) रोज सकाळी मोजते आणि एकतीसची तीस झाली की साऱ्या घराची झडती घेते. (कुणावरून सुचली ते आमच्या स्वयंपाकघरात आलीस की कळेल.) तिला सगळ्यात जास्त सासूबाई हसल्या. आणि एकशेबाराव्या पानावर मी यशोवर्धनला जीपसकट दरीत ढकलला. मोठ्या समाधानाने पुस्तक मिटलं, तेव्हा अंबूबाईंनी उरलेल्या पानांची जाडी बघून विचारलं की तो मेला तर मग एवढ्यात आहे काय. त्यामुळे दोन आठवडे नायिका शिवणाचा क्लास चालवते आहे. बाह्यांपर्यंत आलो आहोत.

इथवर सगळं निभावलं असतं. पण पवित्राला स्थळ आलं. मुलगा आनेकलच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, नाव सुमंत. रविवारी आम्ही घर बघायला गेलो. मुलगा कमी बोलतो. हसतो तो अर्धाच (पुढचा एक दात तुटका आहे, तो लपवतो बिचारा). आधी ठरलेलं एक लग्न मोडलेलं. मला तिथेच यशोवर्धन दिसायला लागला. तेवढ्यात त्याची आई म्हणाली की माझे पाय फार दुखतात, आज चहा आमच्या सुमंतनेच केलाय. आणि तो ट्रे घेऊन बाहेर आला. अंबूबाईंनी (त्यांना कुठेही न्यावंच लागतं) सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कप उचलला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. अंबूबाईंनीही ठेवला. पवित्राने आपला प्यायला, आणि माझ्या हातात तसाच राहिला होता तोही घेतला. परत येताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मुलगा सरी आहे. पण स्वल्प थांबूया."

त्या संध्याकाळी पवित्रा ओट्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "वैनी, कप देताना त्याचा हात कापत होता. मला तोच पाहिजे." मला रडू आलं, ताई. एका पोरीचा संसार मी चहात बुडवला, तोही नसलेल्या चहात. चार दिवस ती ताटावर बसते आणि उठते. मंगळवारी मी धडपड करून पाहिली: शिवणाच्या क्लासात एक पोलीस आणला आणि चहात काही नव्हतं असं त्याच्याकडून वदवलं. अंबूबाई म्हणाल्या, पोलिसाला पैसे चारले असतील. खरं कबूल करावं, तर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात, "आमची कावेरी आहे तसं वाचते, पदरचं काही घालत नाही." हे ऐकलं की मला धरणीमाय दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं.

बाकी विशेष काही नाही. भावजींना नमस्कार. रविवारी जपून ये, उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर ऊन लागेल, डावीकडे बस.

तुझी,
कावेरी

ता. क. – एक छोटंसं काम होतं. या कादंबरीचा दुसरा भाग तुझ्याकडे आहे ना? तो आणू नकोस. नुसतं आल्या आल्या, अंबूबाई बसलेल्या असताना, सहज सांग की तू तो वाचला आहेस आणि त्यात यशोवर्धन जिवंत आहे: दरीत झाडाला अडकला होता, विष मुनीमाने घातलं होतं, आणि स्वतः चहा करणारे पुरुष फार चांगले निघतात. एवढं तिसरं वाक्य विसरू नकोस. तुझा शब्द इथे पुराव्यासारखा चालतो, कारण तुला वाचता येतं. मी जन्मात पुन्हा असं करणार नाही. (नायकाने परत मनगट धरलं तर मात्र सांगता येत नाही.)

ता. क. २ – पत्र कुरिअरने शनिवारी मिळेल. पाकीट चिकटवायचं राहिलंय. सासूबाई म्हणाल्या, दे इकडे, भाताच्या शिताने चिकटवते आणि देवळात जाताना देऊन टाकते. त्यांच्या हाती देते आहे, म्हणजे कुणी वाचायची भीती नाही.

ता. क. ३ – चि. अश्लेषा हिला लक्ष्मीदेवीचा आशीर्वाद. मी कावेरीची सासू. अक्षर वाकडं आहे, लिहायची सवय राहिली नाही. पोथी मी डोळे मिटून वाचते असं या पोरीला का वाटतं, देव जाणे. तिने मला कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुस्तक मी सकाळीच वाचून ठेवते, ही दुपारी काय करते ते बघायला. पुस्तकातलं फार रडकं असतं, हिचं बरं असतं. आनेकलला चहा प्यायले नाही, कारण वासावरूनच कळलं, त्यात अर्धी वाटी साखर होती आणि मला शुगर आहे. स्वल्प थांबूया म्हटलं ते ह्यांना विचारेपर्यंत. सोमवारीच होकार कळवला. पवित्राला ठाऊक आहे. ती जेवत नाही ती साखरपुड्याचा ब्लाऊज अंगात जावा म्हणून. आम्ही दोघी कावेरीला बोललो नाही, नाहीतर यशोवर्धन दरीतच राहिला असता, आणि ही त्याला वर कसा काढते ते आम्हाला ऐकायचं होतं. तेव्हा तू रविवारी येऊन काही सांगू नकोस. तिचं तिला निस्तरू दे.

एक तेवढं कळव. ती कोडबळी मोजणारी आत्याबाई मी पहिल्या भागात दोनदा शोधली, सापडली नाही. तुझ्याकडच्या दुसऱ्या भागात असली तर पान नंबर लिहून आण. आणि येताना रिकामा डबा आण, कोडबळी करून ठेवते. एकतीस देईन.