सत्यभामाबाईचे घर आणि आंबाडीची भाजी

लिहून ठेवते मी, अन्नपूर्णाबाई बेवा मोतीराम खारोडे, वय अदमासे सत्तर, राहणार मौजे खारखेड, तालुका जळगाव, जिल्हा बुलढाणा. माझे डोके ठिकाणावर आहे, सकाळीच भाकरी-ठेचा पोटभर खाल्ला आहे आणि कोणाच्या धाकाने हे लिहवून घेत नाही.

एक. मिठाच्या विहिरीजवळचे घर आमच्या मालकांनी, म्हणजे इंद्रभानच्या वडिलांनी, माझ्या नावे केले. मुलगा इंद्रभान नांदुऱ्याला अडत्याकडे दिवाणजी आहे. तो म्हणतो, गाव उठले, घर मोडून सागवान विकू. उठले खरे. सासऱ्यांच्या लहानपणी इथे विहिरींचे खारे पाणी वाफ्यांत वाळवून मीठ करत, ते न्यायला बैलांचे तांडे येत. गोऱ्या सरकारने विहिरी बंद केल्या, माणसे पोटामागे गेली. आमची पाच-सात घरे चिकटून राहिली, आणि सुखात राहिली. पण घर मोडले तर माझी थोरली जाऊ सत्यभामाबाई जाईल कुठे? तिला ना मूल, ना माहेर. म्हणून ती जिवंत असेतो घर तिचे, मग इंद्रभानचे. तोवर त्याने एक वासाही हलवू नये.

दोन. सासऱ्यांचे मीठ ओढायचे लाकडी फावडे इंद्रभानला. नांदुऱ्याच्या भिंतीवर टांगावे. कोणी विचारले तर लाजू नये.

तीन. आता जुने भांडण. धामणगाव बढ्याहून नवी नवरी होऊन आले, पहिल्या दिवशी आंबाडीची भाजी केली आणि माहेरच्या सवयीने मीठ घातले. खारखेडात भाजीला मीठ लागत नाही, ते पाण्यातच असते. सत्यभामाबाई चुलीशी बसून बघत राहिली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला.

"काऊन वो बाई, मले सांगतलं नाही?" मी रडत विचारले.

"मले तरी कोनं सांगतलं होतं?"

तेव्हापासून आम्ही भांडतो आहोत. पण मालक गेले तेव्हा मी अन्नाला शिवत नव्हते, तर हिनेच मला मांडीशी घेऊन भरवले. माझा तिच्यावर फार जीव आहे. तोंडावर सांगितले तर डोक्यावर बसेल, म्हणून इथे लिहिले.

चार. माझ्या तेरवीला सून कोकिळा नांदुऱ्याहून येईल, इथल्या चुलीशी पहिल्यांदाच बसेल. सत्यभामाबाईने तिला मिठाचे आधी सांगावे, ही घराची अट.

वरील सर्व महादेवराव मास्तरांनी लिहून मोठ्याने वाचले. सत्यभामाबाईला साक्षीचा अंगठा द्यायचा होता. मास्तर म्हणाले, जिला घर मिळते तिची साक्ष चालत नाही. तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "लिहा मास्तर. सांगीन मी तिले. पन पहिला घास खाल्ल्यावर."

मी म्हटले, लिहा. मला मान्य आहे.

निशाणी अंगठा : अन्नपूर्णाबाई

साक्षीदार : शंकरराव उकंडराव तायडे, वरवट बकाल
नारायणराव भगवंतराव इंगळे, खारखेड

मुक्काम खारखेड, दिनांक ९ मार्च १९६४