बलकाचं पटल

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
धारूर, २ सप्टेंबर १९९६

चि. रुद्राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पेशीभोवती तेलकट पटल असतं, नवं औषध त्यातून आत जातं की त्यातच अडकतं, हे तू पुण्याच्या प्रयोगशाळेत पाहतेस. सगळं समजलं. समजलं म्हणूनच जीव जळाला. बी.एस्सी.ला मार्क माझे जास्त होते, एम.एस्सी.च्या यादीत नाव लागलं त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं.

माहेरी जाऊन आप्पांना नेहमीसारखं पत्र मीच वाचून दाखवलं. ते पटल तू अंड्याच्या बलकापासून करतेस, हेही वाचलं. गळ्यात लिंग घातलेली लिंगायताची पोर अंडी फोडते म्हटल्यावर आप्पा जेवले नाहीत. दसऱ्याच्या आत सामान बांधून ये म्हणालेत.

तुझी,
वर्षाताई

पुणे, ११ सप्टेंबर १९९६

ति. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तो एक शब्द तुला गाळता आला असता. मी गणितात नापास झाले तेव्हा प्रगतिपुस्तकातली अख्खी ओळ गाळली होतीस की!

सर म्हणतात, पटल सोयाबीनपासूनही होतं. पण माझी दोन वर्षांची मापं अंड्यावरची आहेत. बदललं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि फेलोशिप मार्चमध्ये संपते. परत आले तर जागा दुसऱ्याला जाईल. त्यात माझ्या औषधाचा रेणू पटलात शिरून तिथेच बसलाय, पुढे सरकत नाही. ताई, मी घरी आले म्हणून तुझी एम.एस्सी. होणार आहे का?

लोभ उरला असेल तर उत्तर टाक.
रुद्राणी

धारूर, ६ ऑक्टोबर १९९६

चि. रुद्राणीस,
आशीर्वाद.

तो शब्द मी मुद्दाम वाचला, मोठ्याने वाचला. आठ दिवस बरंही वाटलं. लिहिताना लाज वाटते.

काल आप्पांना सांगितलं, रुद्राणीने अंडी सोडली, आता सोयाबीन घेते. यंदा आपल्या रानातही तेच आहे. आप्पा म्हणाले, घरचं सोडून बाहेरचं कावून घेती? शेजारच्या बंकटच्या हाती त्यांनी एसटीने सोयाबीनची गोणी धाडलीय, सामान बांधून ये हे आता म्हणत नाहीत. नको म्हणू नकोस, मेसला दे.

तुझ्या रेणूची तेलकट शेपटी दोन कार्बननी आखूड करून बघ. जमलं तर आधी मला कळव, सरांना नंतर.

आणि पत्रात खुशाल अंडं लिही. मी वाचताना सोयाबीन म्हणेन.

अजून जळतेच, पण लोभही आहे; दोन्ही सांभाळून घे.
वर्षाताई