गेटाबाहेर उरलेला जोड

चिकलठाणा,
मंगळवार, २२ एप्रिल २०२५

तीर्थरूप तात्यासाहेब काकांस,
इंद्रजीतचा सा. न. वि. वि.

पाडव्याला तुम्ही म्हणालात की माझा आवाज ऐकायचा नाही, आणि फोन घेणं बंद केलंत. म्हणून हे पत्र. तौफिक टेम्पोतून रोज बर्फ घेऊन लासूर स्टेशनला येतो, त्याच्याजवळ देतो आहे.

आज आपल्या बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटल्याची पहिली तालीम घेतली. गेल्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरपाशी खरंच अमोनिया सुटला होता. तुम्ही लासूरला होतात, खोकत आम्ही होतो. बर्फाजवळ चप्पल चालत नाही म्हणून सगळे अनवाणी काम करतात. त्या दिवशी पळताना प्रत्येक जण दारातल्या ढिगात आपली चप्पल शोधायला वाकला आणि मागच्यांचा रस्ता अडला. आज नुसती घंटा वाजवली, तरी तेच. लाद्या काढणाऱ्या दगडाबाई तर एक चप्पल हातात घेऊन दुसरीसाठी दारातच बसल्या.

म्हणून आजपासून सगळ्यांच्या चपला गेटाबाहेरच्या फळीवर. घंटा झाली की तोंडाला ओला फडका, सरळ गेट, आणि तिथे मोहियोद्दीन मिस्त्री हजेरी पुकारतील. पुढच्या मंगळवारी दुसरी तालीम आहे. मालक म्हणून तुम्हीही यावं. हजेरीत तुमचं नाव घेतो.

नाराजी असेल तेवढी असू द्या, तिच्याशेजारी थोडा लोभही ठेवावा.
इंद्रजीत


लासूर स्टेशन,
२४ एप्रिल

इंद्रजीत यास,
आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेत.

तुझं समास आखलेलं पत्र पोचलं. अक्षर लई ग्वाड, अक्कल नाय. ऐन लग्नसराईत काम थांबवून माणसं फडकी बांधून रस्त्यावर पळवतोस, व्हय? रसवंतीवाल्यांनी ते पाहिलं. काल बाजारात दोघांनी मला विचारलं, तात्या, तुमच्या बर्फात गॅस उतरतो का म्हणून. एका आचाऱ्यानं तर लग्नाची ऑर्डरच दुसरीकडं नेली. आग लागायच्या आधी बोंब मारणारा पुतण्या माझ्याच नशिबी आला.

आयटीआय निम्म्यात सोडून आलास, तरी तुझ्या हातात कारखाना दिला. तू चप्पलमास्तर झालास. माझं नाव तुझ्या हजेरीत घ्यायचं नाय. माझे बूट माझ्या केबिनच्या दाराशीच निघतील. मंगळवारी मी स्वतः येतोय. तालीम धरलीस तर चाव्या काढून घेईन आणि माझ्या मेव्हण्याला, साहेबरावाला, तुझ्या खुर्चीत बसवीन.

प्रकृतीला जप, डोक्याला आधी.
तात्या


चिकलठाणा,
२६ एप्रिल

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

साहेबराव मामांना जरूर बसवा. गेल्या वेळी इथे आले तेव्हा त्यांनी अमोनियाच्या वासाला फिनेल समजून सफाई चांगली आहे म्हणून शाबासकी दिली होती.

तालीम मी घेणारच. चाव्यांचा जुडगा टेबलावर काढून ठेवलेला असेल. ऑर्डर गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण दारात कुणी गुदमरलं तर त्याच्या घरी निरोप घेऊन मला जावं लागेल, मामांना नाही. तुमचं नाव हजेरीतून काढलं आहे. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं की मालकांचा हुकूम आहे.

काकूंना नमस्कार. लोभाचं तुम्हीच ठरवा.
इंद्रजीत


लासूर स्टेशन,
४ मे

इंद्रजीत यास,

डॉक्टरनं बोलायची बंदी केलीय म्हणून लिहितो, नायतर तिथं येऊन ऐकवलं असतं.

मंगळवारी तुझ्याशी भांडून मी केबिनमधे बसलो. तालमीला अवकाश होता. घंटा झाली तेव्हा वाटलं, तूच माझ्या नाकावर टिच्चून वाजवतोयस. मुद्दाम उठलो नाय. खरा वास आला तेव्हा दाराशी गेलो, तर बूट नाय! टेबलाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं. डोळ्यांना धारा, छातीत आग. पुढचं आठवत नाय. माझे बूट कुणी हलवले? तुझ्या नियमापायी मी जीवानिशी गेलो असतो. आणि बाहेर तुझ्या मिस्त्रीनं हजेरी घेऊन सगळे आले म्हणून सांगितलं म्हणे. मालक आत आणि हजेरी पुरी?

चाव्या पाठवून दे. साहेबराव येतोय.
तात्या


चिकलठाणा,
६ मे

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

बूट दगडाबाईंनी हलवले. नियम सगळ्यांना सारखा, असं त्यांना वाटलं. मला माहीत नव्हतं, पण असतं तरी मी त्यांना अडवलं नसतं. बूट दाराशी नव्हते म्हणून तुम्ही आत अडकलात, हे मी नाकारत नाही.

आता पुढचं ऐका. मिस्त्रींनी जी नावं पुकारली ती सगळी हजर होती. तुम्ही केबिनमध्ये आहात हे मला ठाऊक होतं, आपलं भांडण होऊन फार वेळही झाला नव्हता. तरी हजेरी पुरी झाली आणि मी निर्धास्त झालो. मग सगळ्यांनी चपला घातल्या आणि फळीवर तुमचा तपकिरी जोड उरला. दगडाबाई तो उचलून ओरडल्या. मिस्त्री आणि मी ओली पोती घेऊन आत शिरलो.

बूट केबिनच्या दाराशी असते, तर तुम्ही ते घालून बाहेर आला असता. किंवा आत पडला असता आणि आम्ही गेटाबाहेर चहा मागवला असता. यातलं काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

चाव्या तौफिकजवळ दिल्या आहेत. बूटही पुसून पाठवतो आहे.
इंद्रजीत


लासूर स्टेशन,
९ मे

चि. इंद्रजीत यास,
अनेक आशीर्वाद.

गॅसचं ऐकल्यापासून साहेबरावाचं पोट बिघडलंय. लवकर बरं होईल असं दिसत नाय. चाव्या परत पाठवतोय, त्यात फुशारकी मारायसारखं काय नाय. तुझ्याच नियमानं अडकलो आणि तुझ्याच नियमानं निघालो, हे मी शहाणपणात धरत नाय. तो आचारी अजून परतला नाय, ते पाप तुझं.

मिस्त्रीला म्हणावं, हजेरीत मालकाचं नाव सगळ्यांत आधी घे, आणि ओ आल्याबिगर पुढं जाऊ नको.

मंगळवारी येतोय. फळीवर बूट कुठल्या टोकाला काढायचे, ते दगडाबाईला विचारून कळव.
तात्या